आबांच्या जागी टोपी

माझी नात परवा कुठल्याशा बर्फाच्या गावी एकटीच जाऊन आली. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी, कानात वायरी, आणि आल्यावर आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. आता ती त्यावर काहीतरी लिहितेय म्हणे. मला विचारत होती, आजी, तू पहिल्यांदा एकटी कधी गेलीस आणि त्यातून काय शिकलीस? मी म्हटलं, खोटं बोलायला शिकले. ती खो खो हसली. मी थट्टा करते कधी आणि खरं बोलते कधी हे आमच्या घरात कुणालाच धड कळत नाही, आणि त्याला मीच कारण आहे. सगळं आयुष्य वाकडं बोलण्यात गेलं, आता सरळ बोललं तरी कोण ऐकणार. म्हणून लिहून ठेवते. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं, नाहीतर रद्दीवाला आहेच.

आम्ही जळगावला डाळमिलच्या मागच्या आळीत राहत होतो. मिलचा आवाज दिवसभर भिंतीतून यायचा आणि मिल बंद पडली की आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो, इतकी त्या आवाजाची सवय. उन्हाळा आला की तुरीचा भुसा अंगणात, पांघरुणात, पिण्याच्या माठात. माय भांडत भांडत झाडायची. त्याच दिवसांत तिची वाळवणं निघायची, बिबडे, कुरडया, पापड. गच्चीवर जुन्या लुगड्यांवर बिबडे पसरलेले आणि मी काठी घेऊन कावळ्यांच्या पाळतीवर, अर्धे ओले बिबडे माझ्याच पोटात. दारासमोर एक कडुलिंब होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी आबा त्याला झोका बांधायचे, दोरावर स्वतः दोनदा लोंबकळून बघायचे, आणि मगच आम्हाला बसू द्यायचे. माझी थोरली बहीण अक्का इतकी उंच जायची की तिचे पाय पलीकडच्या पत्र्याला लागायचे. माय खालून शिव्या घालायची आणि अक्का वरून हसायची. मला आठवते ती अक्का हीच, पत्र्याला पाय लावणारी.

खानदेशात आखाजी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दिवाळी राहू द्या बाजूला, सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी आलीच पाहिजे. पण आपली आपण उठून यायचं नाही. माहेराहून तिला न्यायला माणूस जातो, तो मुऱ्हाळी. बाप, भाऊ, काका, मामा, कुणीतरी बाप्या माणूस. त्याला पाटावर बसवायचं, मान करायचा आणि त्याच्याबरोबर सुनेला धाडायचं. मुऱ्हाळ्याशिवाय लेक एकटी दारात उभी राहिली तर तिला सासरच्यांनी टाकलं असं समजायचं, आणि एकदा तसं बोललं गेलं की ते पुसत नाही.

अक्काला धुळ्याच्या पलीकडं साक्रीच्या बाजूला एका खेड्यात दिलेलं. कोरडवाहू रान, उन्हाळ्यात पाण्यासाठी लांबवर पायपीट. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती आली, दुसऱ्या आखाजीला पोटुशी म्हणून धाडली नाही. ते मूल राहिलं नाही. तिसऱ्या आखाजीच्या आधी त्यांच्या गावचा एक माणूस तुरी घेऊन मिलमध्ये आला आणि आबांना भेटायला घरी आला. आबा तेव्हा बाजेवर होते. मिलमधली पोत्यांची थप्पी अंगावर येऊन त्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं, आणि हाड बसेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या माणसानं चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि निघता निघता निरोप सांगितला. तुमची लेक म्हणाली, संध्याकाळ झाली की अंग तापतं, खोकला थांबत नाही. म्हणाली यंदा कुणीतरी न्यायला याच, पुढची आखाजी मला काही दिसत नाही. तो हे असं बोलला की जणू तुरीचा भाव सांगतोय. तो गेल्यावर माय चुलीपाशी बसून राहिली आणि दूध उतू गेलं तरी उठली नाही.

आता जायचं कुणी? आबांना भाऊ नव्हता, आम्हाला भाऊ नव्हता. मामा होते, पण त्यांच्याच तीन पोरी तीन दिशांना दिलेल्या, आखाजीच्या तोंडावर ते घरी सापडतील तर शपथ. गल्लीतला प्रत्येक बाप्या कुणा ना कुणाला आणायला निघालेला. परकी माणसं मुऱ्हाळी म्हणून चालत नाहीत. दोन दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. मग तिसऱ्या दिवशी पहाटे मायनं मला उठवलं आणि म्हणाली, तू जा. मी नववीची परीक्षा दिलेली पोर, एकटी भुसावळलासुद्धा गेले नव्हते. आबा नको नको म्हणत होते. मायनं खुंटीवरची त्यांची पांढरी टोपी काढली, नीळ घालून धुतली, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली आणि एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली.

मायचं डोकं असं चालायचं. ती म्हणाली, पूर्वी नवरदेव लढाईवर असला तर त्याची तलवार ठेवून लग्नं लागत. मग बापाचं हाड मोडलं तर त्याची टोपी मुऱ्हाळी म्हणून का चालणार नाही? पोर नुसती टोपी आणणारी, मुऱ्हाळी आबाच. मला तिनं पुन्हा पुन्हा पढवलं. घरात गेल्यावर आधी पाट माग. आधी टोपी पाटावर ठेव, मान आधी, मग बोल. तोवर तोंडातून शब्द काढू नको. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आबांनाही नाही. उलट आबा बाजेवरून म्हणाले की बघ माझी टोपी कशी ऐटीत निघाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा घरात सगळे थोडेसे हसलो.

पहाटेची पहिली गाडी मिळाली. खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. पाळधी गेलं, एरंडोल आलं. शेजारी एक म्हातारी येऊन बसली आणि बसल्या बसल्या तिनं विचारलं, "संगे कोन शे, बाई?" मी म्हणणार होते की कोणी नाही. पण तिच्या मागं उभा असलेला एक माणूसही माझ्याकडं बघत होता, उत्तराची वाट बघितल्यासारखा. माझ्या तोंडातून आपोआप निघालं की आबा शेतस ना, मांगे बसेल शेतस, म्हणजे मागं बसलेत. म्हातारीनं मान डोलावली, त्या माणसानं नजर फिरवली. इतकं सोपं होतं ते. पारोळ्याला कंडक्टरनं विचारलं, त्यालाही तेच. धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती, तिथं नळावर पाणी पिताना एक जण फारच आपुलकीनं चौकशी करायला लागला. मी त्याला म्हटलं, ते बघा आबा येताहेत, आणि गर्दीतल्या कुठल्यातरी पांढऱ्या टोपीकडं हात केला. तो सटकलाच. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! नातीला मी खोटं सांगितलं नव्हतं. एकट्या पोरीनं रस्त्यात पहिली शिकायची विद्या ती हीच, आणि मी ती एका सकाळीत शिकले होते.

दुसऱ्या गाडीत पांझरेचं कोरडं पात्र, उघडे डोंगर, आणि तोंडावर येणारी झळ. गाव आलं तेव्हा ऊन डोक्यावर चढत होतं. अक्काचं घर विचारत गेले. ओट्यावर तिची सासू सुपात भगर निवडत बसलेली. मला बघून ती उठली, मागं कोण येतंय म्हणून रस्त्याकडं बघितलं. कुणी नाही. मी पाट मागितला. तिला नवल वाटलं, पण तिनं आणून ठेवला. मी पिशवीतून फडकं काढलं, उलगडलं आणि आबांची टोपी पाटाच्या बरोबर मधोमध ठेवली. मायनं सांगितलं होतं तसं तोंडातून शब्द काढला नाही.

तर त्या बाईनं जो हंबरडा फोडला! मला काही कळेना. ती ऊर बडवत खाली बसली, शेजारच्या बाया धावत आल्या, त्यांनी पाटाकडं बघितलं आणि त्यांनीही सूर लावला. त्यांच्या बोलण्यातून हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस गेल्यावर तेराव्याला तिकडं त्याची टोपी पाटावर ठेवतात आणि तिच्यापुढं ताट वाढतात. आमच्या आळीत नारळ ठेवायचे. चार तासांच्या रस्त्यावर रीत बदलते हे जन्मात जळगाव न सोडलेल्या मायला कुठून ठाऊक असणार? बिनमाणसाची टोपी पाटावर आली, म्हणजे त्यांच्या लेखी माझा बाप मेला.

आणि मग मी बघितलं ते असं. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, गोठ्यातून आले, पाटाकडं बघून थबकले आणि बैल सोडायला गेले, आम्हाला फाट्यावर पोचवायला. सासूनं डोळे पुसत पेटी उघडली आणि अक्काचं त्यातल्या त्यात बरं लुगडं बाहेर काढलं. एक बाई वाटेसाठी भाकरी बांधायला लागली. गेल्या आखाजीला ज्या घरानं नाही म्हटलं, ते घर घटकाभरात तिला धाडायला तयार झालं होतं. कुणी पुसेना की मुऱ्हाळी कुठाय, पोरीच्या हाती कशी धाडू. बापाच्या मरणाला कोण अडवतं?

एवढ्यात अक्का हंडा घेऊन परसातून आली. मी तिला ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे खोल, ओठ काळे पडलेले. तिनं हंडा उतरवला. टोपी बघितली. ती रडली नाही. पाटासमोर बसली, टोपीवरून हात फिरवला, आबांच्या डोक्यावरून फिरवावा तसा. नीळ घातलेली टोपी, मायच्या हातची इस्त्री. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "कधी?"

सकाळपासून मी किती जणांना खोटं बोलले होते. नसलेल्या बापाला मी गाडीत बसवलं होतं, धुळ्याच्या स्टँडवर चालवलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. बोलायचंही नव्हतं, नुसती मान खाली घालायची. तिकडं बैल जुंपले जात होते. पण माझी बहीण माझ्यासमोर बापाचं मरण गिळत बसली होती. मी तिला मिठी मारली आणि म्हणाले, "अक्का, आबा आहेत गं. नुसतं हाड मोडलंय. आबा बरे आहेत."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, ती हसलीसुद्धा. आणि मग सगळं आवरलं गेलं. बायांचे सूर थांबले. सासू उठली, आणि तिनं हातातलं लुगडं परत पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण लावल्याचा तो आवाज आमच्या अक्काच्या आयुष्याचा निकाल होता, पण तेव्हा तो मला नुसता आवाज वाटला.

सासू भडकली ते साहजिक होतं. अपशकून करून गेली पोर, जित्या माणसाचं तेरावं घातलं माझ्या ओट्यावर. "बाप जित्ता शे ना? मंग त्याले धाडा. पोरना हातमा कोनी सून देस का?" मी तिच्या पाया पडले, निरोपाचं सांगितलं, अक्काच्या अंगाला हात लावून बघा म्हटलं. त्यावर ती बाई एकदम शांत झाली आणि म्हणाली, "माले कोन लई गया व्हता? मी मरनू का?" तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. खरोखर विचारत होती ती. तिला कधीच कुणी न्यायला आलं नव्हतं हे मला फार पुढं कळलं. दाजींनी बैल परत बांधले. ते वाईट नव्हते, पण आईपुढं बोलायची त्यांची ताकद नव्हती, आणि अशा चांगुलपणाचं काय लोणचं घालायचं? मला मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कैरीची चटणी, वर तेलाची धार. सासूनं आग्रह करकरून वाढलं, उपाशी धाडली तर लोक तोंडात शेण घालतील म्हणून. मी जेवले. भूक लागलेली होती, काय करू.

दुपारच्या गाडीसाठी फाट्यापर्यंत अक्का आली, डोक्यावर हंडा घेऊन, पाण्याच्या निमित्तानं. वाटेत दोनदा खोकल्यासाठी थांबली. बाभळीखाली आम्ही बसलो. मला वाटलं ती घरचं विचारील, पण ती माझ्या प्रवासाचंच विचारत राहिली. खिडकीशी जागा मिळाली का, एरंडोलला गाडी किती वेळ थांबते, भीती वाटली का. मी त्या खोट्या आबांची हकिगत सांगितली तर ती पोट धरून हसली आणि हसता हसता पुन्हा खोकल्याची उबळ आली. गाडी दिसली तशी मी तिचा हात धरला आणि म्हटलं, चल, चढ, हंडा इथंच टाक. तिनं हात सोडवला नाही. तशीच उभी राहिली.

"अशी आले तर टाकलेली म्हणून येईन," ती म्हणाली. "मग तुला कोण करून घेईल?"

मी रडायला लागले. मी म्हटलं, मी बोलायलाच नको होतं. त्यावर तिनं माझे डोळे तिच्या पदरानं पुसले. तो पदर तापलेला होता, उन्हानं की अंगातल्या तापानं कोण जाणे. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. माझ्यासाठी बापाला कशाला मारायचं?" कंडक्टरनं घंटी मारली.

धुळ्यापासूनची गाडी माहेरवाशिणींनी भरलेली होती. प्रत्येक बाकावर एक लेक, एक मुऱ्हाळी, बोचकं, कडेवर पोर. मागच्या बाजूला कुणी गौराईची गाणी धरली आणि अख्खी गाडी त्यात मिसळली. मी पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली होती, का ते मला आजही सांगता येणार नाही. एक बाई म्हणाली, पिशवी उचल बाई, कोणी येणार आहे का? मी पिशवी मांडीवर घेतली. ती बसली आणि मायेनं विचारायला लागली, सोबत कोण आहे तुझ्या? सकाळचं उत्तर तोंडाशी तयार होतं, पण ते निघेना. मी म्हटलं, कोणी नाही. तिनं मला पोटाशी धरलं, गाणी चालूच होती. लोक सांगतात की एकट्यानं फिरलं की माणूस मोकळा होतो. होत असेल. मला एवढंच कळलं की जाताना मी एकटी नव्हतेच, अक्काला आणायला चालले होते. एकटी झाले ती येताना.

अक्का त्याच पावसाळ्यात गेली. आबा कुबड्या घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडले ते तिच्या दहाव्याला. पुढच्या आखाजीला मायनं कुंभाराकडून घागर आणली, तिच्यावर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणलं, सांजोऱ्या तळल्या. गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात ना, तशी. गल्लीतल्या जाणत्या बायांनी तिला समजावलं की बाई, दिलेल्या लेकीची घागर सासरचे भरतात, माहेराला तो हक्क नाही. म्हणजे मेल्यावरही तिला आणता येईना. ती घागर मायनं मग पाणी प्यायला घेतली, आणि आम्ही सगळे उन्हाळाभर त्यातलं पाणी प्यालो. मी पुढं नोकरीसाठी सगळा खानदेश एकटीनं पालथा घातला. मुक्ताईनगर, फैजपूर, चाळीसगाव, कुठं कुठं गेले. बाया माझं कौतुक करायच्या, किती धीराची म्हणायच्या. कसला धीर आणि काय, मला आता कुणाला आणायचं नव्हतं एवढंच.

पण मी सांगत होते त्या संध्याकाळचं. दिवेलागणीला मी आळीत शिरले. मिल चालू होती. लिंबाला झोका बांधलेला होता. आबांना उठता येत नव्हतं म्हणून मायनं स्वतः शिडी लावून बांधला असावा, कारण एक बाजू खाली गेलेली होती. घरातून पुरणाचा वास येत होता. माय दारात आली, तिनं माझ्या मागं बघितलं, सासूनं सकाळी बघितलं होतं तसंच, आणि आत वळली. आतून भांड्याचा आवाज आला, वाढायला काढलेलं एक ताट तिनं परत फळीवर ठेवलं.

आबांनी मला बाजेवर बसवलं आणि सगळं विचारलं, पहिल्यापासून. मी सगळं सांगितलं. गाडीतली म्हातारी, पाट, टोपी, हंबरडा. दाजींनी बैल जुंपायला घेतले तेही, सासूनं लुगडं काढलं तेही. अक्कानं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. आबा ऐकत होते. मी पिशवीतून टोपी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, कडेला लागलेली धूळ नखानं काढली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच, मला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलावं तसं म्हणाले, "बाप मेला म्हणायचं होतं ना, पोरी. मी काय रागावलो असतो?"